एकाच नंबरचे बावन्न प्रवासी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी धंद्याची धावपळ होती, मग डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मग मुलाच्या हाती सगळं सोपवायचं होतं. यंदा आमच्या जिल्ह्यातल्या प्रवासी व्यावसायिकांनी मिळून स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच दिला: ऑनलाइनच्या काळात एका व्यावसायिकानं दुसऱ्या व्यावसायिकाला आपल्याशी बांधून कसं ठेवावं. याच गोष्टीसाठी त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी शाल आणि मानपत्र दिलं होतं, तेव्हा मागणी रास्तच होती. मी एका दुपारी बसून लेख पुरा केला. त्यात सात मुद्दे काढले. मुलानं वाचला आणि म्हणाला, बाबा, झकास झालाय. मी तो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि ते चार दिवस टेबलावर तसंच पडून राहिलं.

मुद्दे सगळे खरे होते. ते माझे नव्हते एवढंच. ज्या बाईंचे होते त्यांचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नव्हता. म्हणून ते पाकीट फोडलं आणि हे नव्यानं लिहायला घेतलं. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना वाचता वाचता कळेल.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला थोडा समजावून सांगावा लागतो. कोल्हापूरच्या स्टँडजवळ आमचं ऑफिस आहे. बस, हॉटेल, सोबत आचारी, अशी सगळी सहल आम्ही उभी करतो. पण प्रवासी आमच्याकडे येत नाही. तो येतो गावच्या एजंटाकडे. हा एजंट म्हणजे कुणी मोठा माणूस नव्हे. कबनूरचा आमचा एजंट मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि यंत्रमागांना सुट्टी लागली की कामगारांच्या कुटुंबांना गोव्याला पाठवतो. कुरुंदवाडचा एजंट फोटो स्टुडिओवाला. लग्नात फोटो काढता काढता तो अर्ध्या मांडवाला केरळला जायला तयार करतो. असे पस्तीस-चाळीस जण आमच्या आजूबाजूच्या गावांत आहेत. माझं गिऱ्हाईक म्हणजे हे लोक. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे गाव.

आता यात एक मेख आहे. एजंटाला कायम धास्ती असते की आज ह्या मालकाला मी पन्नास माणसं दिली, उद्या हा त्यांना परस्पर फोन करील आणि मला बाजूला सारील. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. एजंट प्रवाशांची यादी द्यायचा, त्यात नाव असायचं, वय असायचं, गाव असायचं, आणि मोबाइल नंबराच्या रकान्यात सगळ्यांपुढे एजंटाचा स्वतःचा नंबर. कुरुंदवाडहून यादी यायची ती बावन्न प्रवाशांची, बावन्नांचा नंबर एकच. आम्हीही त्यावर कधी बोललो नाही. तो लपवतोय हे मला ठाऊक, मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक. संसार सुरळीत चालला होता.

या रितीनं एकदा बदामीला आमची फजिती झाली. कुरुंदवाडच्या गाडीतल्या एक म्हाताऱ्या मावशी लेणी बघताना मागे राहिल्या आणि गाडी पुढं निघाली. जेवणाच्या ठिकाणी मोजदाद केली तेव्हा कळलं. त्यांच्याकडे मोबाइल होता, पण त्यांचा नंबर कुणाकडे नव्हता. यादीतला नंबर लावला तर तो एजंटाचा, आणि एजंट एका लग्नात फोटो काढत होता, फोन पिशवीत. गाडी माघारी नेली. मावशी पायरीवर बसून शेंगा खात होत्या. ड्रायव्हरनं जरा आवाज चढवला तेव्हा म्हणाल्या, "मी कुटं हरवलिया? मी हितंच हाय की. हरवलाय तुमी."

त्यानंतर मी पुण्याच्या एका कंपनीकडून पोर्टल करून घेतलं. एजंटानं आपल्या गावात बसून गाडीतली जागा निवडायची, यादी भरायची, प्रत्येक प्रवाशाचा वेगळा नंबर घालायचा. प्रत्येक बुकिंगवर एजंटाच्या नावावर गुण जमा व्हायचे आणि गुणांवर बक्षिसं होती. मिक्सर, सुटकेस, आणि सगळ्यात खालच्या पायरीला गुळाची एक किलोची ढेप. ती कल्पना माझी. मला वाटलं आपल्या मातीची वस्तू, लोक खूश होतील. पहिल्याच बैठकीत कुरुंदवाडचा एजंट उठून म्हणाला, "मालक, कोल्हापूरच्या माणसाला गूळ दाखवून गाडीत बसवताय व्हय?" सगळी बैठक हसली. मीही हसलो. पण पोर्टल कुणी उघडलं नाही. याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून येत राहिल्या, एकाच नंबराच्या.

बाई आमच्याकडे त्याच सुमाराला ऑपरेटर म्हणून लागल्या. राहायला उचगावात, नवरा शिरोलीच्या ओतकामाच्या कारखान्यात मोल्डर, माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे सीमेला लागून, त्यामुळं मराठीइतकंच कानडी तोंडात. वय पस्तीसच्या आसपास. कामाला वाघ आणि बोलायला सरळ. पंधरा दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग एक दिवस माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "साहेब, एजंटाला मिक्सर नको. त्याला त्याच्या गावात मान पाहिजे. तो आपण द्यायचा."

तो कसा द्यायचा, असं मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं ते आजही माझ्या डोळ्यासमोर आहे. गाडी सहलीला गेली की घरच्या लोकांना एकच प्रश्न असतो, पोचले का. ते एजंटाला विचारतात. एजंटाला काही माहीत नसतं, म्हणून तो आम्हाला फोन करतो, आम्ही ड्रायव्हरला करतो, ड्रायव्हर घाटात असतो. तोवर एजंट घरच्यांसमोर बावळट ठरलेला असतो. बाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी सहाला आपणच एजंटाला कळवायचं. कुणी विचारायच्या आधी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते सुरू केलं. लेखी नाही, मोबाइलवर बोलून, आवाजाचा मेसेज. आमचे निम्मे एजंट लांब मेसेज वाचत नाहीत हे त्यांनी हेरलं होतं. प्रत्येकाला वेगळा, त्याच्या बोलीत. कुरुंदवाडला, "दादा, तुमची गाडी मुरुडेश्वरला लागली. सगळी जेवली. ती पाटलांची आजी चालायला दमलीय, पण गाणी म्हणतीय म्हणं." सीमेकडच्या एजंटांना कानडीत. ते त्यांना अक्का म्हणायला लागले, बाकीचे ताई. हा मेसेज मिळाला की एजंट तोच पुढं गावात पाठवायचा, नाहीतर स्वतः चार घरांत जाऊन सांगायचा. सहाचा मेसेज पाच मिनिटं उशिरा गेला तरी ऑफिसचा फोन वाजायचा, "ताई आज आल्या न्हाईत का?"

मला त्या दिवसांची आठवण आली की अजून बरं वाटतं. संध्याकाळी ऑफिसात चहा यायचा आणि पलीकडे बाईंचं बोलणं चालू असायचं, एक मराठीत, एक कानडीत, मध्येच हसणं. मी पेपर पुढ्यात धरून ऐकत बसायचो. धंदा असाही करता येतो हे मला साठीनंतर कळत होतं.

एकदा भर दुपारी अंकोल्याच्या अलीकडच्या घाटात कुरुंदवाडच्या गाडीचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला. ड्रायव्हरनं कळवल्याबरोबर बाईंनी पहिला फोन एजंटाला केला. प्रवाशांपैकी कुणाचाही घरी फोन जायच्या आत तो सायकलवरून घरोघर फिरला. गाडी बंद पडलीय, माणसं सुखरूप हायत, दुसरी गाडी हुबळीहून निघालीय, असं सांगत. त्यानंतर गावात त्याचा असा दरारा झाला की लोक त्याला लग्नाच्या तारखासुद्धा विचारायला लागले, असं तोच सांगायचा. पुढच्या आठवड्यात तो बासुंदीचा डबा घेऊन ऑफिसात आला. मी हात पुढं केला तर म्हणाला, "तुमास्नी न्हाय, मालक. ताईंचा हाय. त्यांनी दिली तर खा." बाईंनी सगळ्यांना वाटीवाटी दिली आणि मला म्हणाल्या, "साहेबांना अर्धी. साखर वाढलीय." पुन्हा हशा.

वाट्या हातात असतानाच बाईंनी विषय काढला. दादा, आता तरी यादीत ज्याचा त्याचा नंबर घाला. उद्या कुणी मागे राहिलं तर काय करू? एजंटानं वाटी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत, पण बाईंना उद्देशून म्हणाला, "नंबर म्हंजे माझं गाव हाय, ताई. ते मी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं म्हणताय."

बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नका देऊ. माझ्या द्या. गाडी परत आली की मी ते उघडणार न्हाय. कुणी उघडणार न्हाय. माझ्या शब्दावर घाला."

त्यानं घातले. तो घालतोय म्हटल्यावर कबनूरनं घातले, मग सीमेकडच्यांनी. वर्षभरात आमच्या पोर्टलवर जवळजवळ प्रत्येक गावची माणसं आपापल्या नंबरानिशी आली. पुण्याच्या कंपनीचा माणूस मला विचारायचा, गुणांची योजना इतकी चालली कशी. मी मान हलवायचो. गुळाची ढेप वर्षभरात एकानंही नेली नव्हती.

मग कोरोना आला. गाड्या उभ्या राहिल्या, टायरांखाली गवत उगवलं. त्या काळातही बाई घरून एकेका एजंटाला फोन करत होत्या. गाडी कुठं पोचली हे सांगायला काही नव्हतं, म्हणून कोण आजारी, कुणाला कुठल्या दवाखान्यात जागा मिळाली, हे त्या एकाचं दुसऱ्याला कळवायच्या. सगळं उघडलं तेव्हा एकही एजंट आम्हाला सोडून गेलेला नव्हता. पण लोक घराबाहेर पडायला कचरत होते. दिवाळी जवळ आली आणि आमच्या सहा गाड्यांपैकी एकही भरेना. मी घाबरलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगतो.

बाई माहेरच्या जत्रेला चार दिवसांच्या रजेवर गेल्या होत्या. दुपारी ऑफिसात मी एकटा होतो. पोर्टलमध्ये सगळ्या जुन्या प्रवाशांना एकदम मेसेज पाठवायची सोय आहे हे पुण्याच्या माणसानं मला कधीतरी दाखवलं होतं. माझ्या नावाचं लॉगिन नव्हतं. मी कधी करूनच घेतलं नाही. संगणकाचं काम बाईंचं, असंच मी धरून चाललो होतो. सगळं ऑफिस बाईंच्या लॉगिनवर चालायचं. अडचण आली तर असावा म्हणून त्यांनीच पासवर्ड मला एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो घातला. मेसेज मी स्वतः लिहिला. आपण पूर्वी आमच्यासोबत प्रवास केलात, आभारी आहोत, दिवाळी सहलीसाठी थेट आमच्या ऑफिसशी संपर्क साधा आणि खास सवलत मिळवा. थेट हा शब्द मी विचार करून घातला होता. मग बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत फोन यायला लागले. दोन दिवसांत एक गाडी भरली. मी खूश होतो. लपवून काय उपयोग, मी खूश होतो, घरी जाताना बायकोसाठी मिठाई नेली.

बाई जत्रेहून परतल्या त्याच सकाळी कुरुंदवाडचा एजंट आला. त्याची बायकोही एकदा आमच्या गाडीतून गेली होती आणि बाईंच्या शब्दावर त्यानं तिचाही खरा नंबर घातला होता. तो सवलतीचा मेसेज तिलाही गेला होता. तो बसला नाही. त्यानं बायकोचा मोबाइल बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, ह्ये वाचा."

बाईंनी वाचलं. मग त्यांनी समोरच्या संगणकावर काहीतरी उघडलं. मला माहीत होतं त्या काय बघताहेत. मेसेज कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणाच्या लॉगिनवरून गेला, हे तिथं दिसतं. त्यांना तारीख दिसली. त्या दिवशी त्या जत्रेत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी आतल्या केबिनच्या दारात उभा होतो आणि दाराच्या कडीशी काहीतरी करत होतो.

"तुमी पाठवलासा?" एजंटानं विचारलं.

"माझ्या लॉगिनमधनं गेलाय, दादा," बाई म्हणाल्या. "चूक माझी हाय."

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. तीन पावलं पुढं यायचं आणि एक वाक्य. मी पुढं आलोही. एजंटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या देखत बाईंना म्हणालो, "असं परत व्हायला नको."

बाईंनी मान डोलावली. एजंटानं मोबाइल उचलला आणि खिशात घातला. दारातून बाहेर पडताना तो वळून म्हणाला, "येतो, मॅडम." त्या शब्दानं बाईंचा चेहरा उतरला तेवढा माझ्या वाक्यानं नव्हता उतरला.

मी संध्याकाळी एजंटांच्या ग्रुपवर लिहिलं की ऑफिसकडून अनवधानानं एक मेसेज गेला आहे, संबंधितांना समज देण्यात आली आहे. संबंधित कोण, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. मेसेज पाठवणारं माणूस ऑफिसात एकच होतं.

बाईंनी माझ्याशी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये येऊन एवढंच म्हणाल्या, "साहेब, पासवर्ड बदललाय. नवा तुम्हाला देणार न्हाय." मी बरं म्हणालो. सहाचे मेसेज त्या पाठवत राहिल्या. पण उत्तरं येईनात. पूर्वी एजंट बोलून उत्तर द्यायचे, चेष्टा करायचे. आता एक अंगठा यायचा. कुरुंदवाडची पुढची यादी आली, बेचाळीस माणसं, नंबर एकच. बाईंनी ती यादी तशीच भरून घेतली. उन्हाळ्याच्या सहली संपल्यावर त्यांनी काम सोडलं. सासूबाईंना बघायला कुणी नाही, असं कारण दिलं. मी त्यांना चांदीचा करंडा दिला. त्यांनी घेतला, बायकोला नमस्कार सांगा म्हणाल्या.

एजंट आम्हाला सोडून गेले नाहीत, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. माझ्या नावलौकिकामुळं असेल, अशी मी समजूत करून घेतली. त्याचं खरं कारण मला मागच्या वर्षी कबनूरच्या एजंटाकडून कळलं. तो सहज बोलून गेला. काम सोडायच्या आधी बाईंनी प्रत्येक एजंटाला फोन केला होता. चूक माझ्या हातून झाली, साहेबांना त्यातलं ठाऊक नव्हतं, साहेबांना सोडू नका, इतकी चांगली गाडी आणि इतका चांगला आचारी दुसरीकडे मिळणार नाही, तुमच्या माणसांचे हाल होतील. चाळीस फोन. तो म्हणाला, "बाई चुकली खरी, पर मनानं मोठी हुती." मी त्याला तेव्हाही काही सांगितलं नाही. चहा मागवला.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. बाईंनी काम सोडल्यावर दोनेक महिन्यांनी शहरातल्या दुसऱ्या एका सहलवाल्यांचा मला फोन आला. बाईंनी त्यांच्याकडे अर्ज केला होता. त्यांनी विचारलं, "नंबर फुटले ते हिच्याकडनंच ना?" मी म्हणालो, कामाला फार चांगल्या आहेत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हणालो, झालं गेलं, आता काय. त्यांनी बाईंना घेतलं नाही. धंदा लहान आहे, त्यानंतर इतर कुणीही घेतलं नाही. ज्या कामात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं, ते काम त्यांच्याकडून गेलं.

या फेब्रुवारीत, चिकटवलेलं पाकीट टेबलावर असताना, मी उचगावला गेलो. बाईंनी तिथं पिठाची गिरणी घातलीय हे मला माहीत होतं. नुसतं कसं जायचं म्हणून घरातली पाच किलो ज्वारी पिशवीत घेतली. बायको म्हणाली, परवाच दळण आणलंय. मी म्हटलं, असू दे. रिक्षानं गेलो, कारण आता मला स्कूटर चालवू देत नाहीत.

गिरणी लहान पण चकचकीत. शेजारी शेवयाचं यंत्र, भिंतीला डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर खडूनं घराची खूण. बाईंचे केस थोडे पिकलेत, बाकी त्याच. मला बघून हातातलं पीठ झटकलं आणि हसल्या. "साहेब, तुमच्या गल्लीतल्या गिरण्या बंद पडल्या व्हय?" तीन बायका डबे घेऊन बसल्या होत्या, त्याही हसल्या. खुर्ची आली, चहा आला, अर्धी साखर. बाई दळण झालं की त्या त्या घरी मोबाइलवर बोलून कळवतात, हे माझ्यासमोरच चाललं होतं. "काकू, तुमचं झालं. गरम हाय, झाकण उघडं ठेवा. आन् गव्हात खडे लई आलते, दुकानदाराला सांगा." एक बाई मला म्हणाली, पलीकडं जवळच गिरणी हाय, पर आमी हितंच येतो.

बाईंनी एकेका गावची चौकशी केली. कुरुंदवाडच्या दादांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, कबनूरच्या पोरीचं लग्न ठरलं का, सीमेकडच्या अण्णांनी दुसरी गाडी घेतली म्हणे. मला माहीत नसलेलंही त्यांना माहीत होतं. कुणाबद्दल कडू शब्द नाही. मी अधूनमधून हं म्हणत होतो आणि बायका जायची वाट बघत होतो. दोघी गेल्या, एक नवी आली. शेवटी बाईंनी माझी ज्वारी घेतली, चक्कीत ओतली आणि खटका दाबला. गिरणीचा आवाज इतका मोठा की शेजारचं माणूस ऐकू येत नाही. बाईंची पाठ माझ्याकडे होती. मी उठलो, त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो.

त्यांना पाठीमागं कुणी उभं असल्यासारखं वाटलं असेल. त्यांनी खटका बंद केला आणि वळल्या. "काय म्हणालात, साहेब?"

ती नवी आलेली बाई माझ्याकडे बघत होती. बाईही बघत होत्या.

"जरा जाडसर ठेवा," मी म्हणालो.

"ज्वारी जाडसर? भाकरी थापायची का उप्पीट करायचं?" त्या म्हणाल्या, आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. पीठ बारीकच दिलं. पिशवी गरम होती, रिक्षात मांडीवर घेऊन बसलो.

हा लेख स्मरणिकेला देणार आहे, म्हणजे कुरुंदवाडचे, कबनूरचे, सीमेकडचे सगळे तो वाचतील आणि मेसेज कुणी पाठवला ते त्यांना कळेल. बाईंना ते त्याच सकाळी कळलं होतं, पण त्यांना ते वाचून नव्हे, माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं. गिरणीच्या आवाजात मी म्हणालो होतो ते असं: बाई, बटण मी दाबलं आणि नाव तुमचं पुढं केलं. शब्द तुम्ही दिला होता, तो मोडला मी, आणि सगळ्यांच्या देखत तुम्हालाच बोललो. त्या फोनवरही मी खरं बोललो नाही, म्हणून तुमचं काम गेलं. मी चुकलो. मला माफ करा.